एक जास्त

१

कमलबाई रामटेक्यांची शाळा चौथीत सुटली, पण मोजणं जन्मभर सुटलं नाही. डाकखात्यात झाडूपाण्याच्या कामावर लागलेली ही बाई, पोरं झोपल्यावर पुस्तकं वाचून खात्याची परीक्षा पास झाली, सॉर्टर झाली आणि तीस वर्षं लखनौच्या टपालाचे गठ्ठे मोजून निवृत्त झाली. गठ्ठा पन्नासाचा. त्यात एक पत्र कमी असो की जास्त, ते त्यांच्या अंगठ्याला कळायचं. साहेबाला नाही कळायचं. साहेब बी.ए. होता.

म्हणून सत्तराव्या वर्षी नातीने मोजायचं काम आणलं तेव्हा कमलबाईंना नवल वाटलं नाही. उशीर केलास एवढंच म्हणाल्या.

नात प्राची एका छोट्या कंपनीत होती. आलमबागेत बाजार आणि बस अड्डा जोडणारा एक सबवे आहे, जमिनीखालून जाणारा, सव्वाशे पावलांचा. त्याच्या छताला कंपनीने दर दहा पावलांवर एक पांढरी डबी बसवली होती. डबीला चेहरे दिसत नाहीत, फक्त डोकी आणि त्यांची चाल. लॅपटॉपवर प्रत्येक माणूस म्हणजे एक ठिपका. कोण कुठे वळतो, कुठे रेंगाळतो, हे मशीन आपलं आपण शिकायचं. ठिपके तुंबायला लागले की बाहेरचा दिवा लाल करून फाटक बंद करायचं. जेठ महिन्यातल्या पहिल्या मंगळवारी, बड़े मंगलला, गल्लोगल्ली भंडारे लागतात, अख्खं शहर रस्त्यावर उतरतं. त्याच दिवशी मशिनीची शेवटची परीक्षा होती. आणि मशीन खरं मोजतंय की थापा मारतंय हे ठरवायला शेवटी माणूसच लागतो. कॉलेजची पोरं ठेवून पाहिली. ती मोबाईलमध्ये मान घालून बसली आणि अंदाजपंचे आकडे ठोकले.

"आजी, आप बैठेंगी?" प्राचीने विचारलं. मराठी तिला सगळी कळायची, तोंडातून मात्र हिंदीच यायची.

"बसेन. पण माझा आकडा अन् तुझ्या मशिनीचा आकडा जुळला नाही, तर चूक मशिनीची असं लिहायचं."

"और अगर आपसे ग़लती हुई तो?"

"तुझा बाप पाळण्यात होता तेव्हापासून मोजते मी. एक दाखव चुकलेलं."

सबवेच्या मधोमध, बंद पडलेल्या दुकानाच्या शटरला टेकून त्यांची खुर्ची मांडली. समोर जमिनीवर पिवळी पट्टी. पट्टी कुणी ओलांडली की मुठीतल्या काउंटरवर अंगठा दाबायचा. टक. सकाळी अकरा ते दुपारी दीड. वर मे महिन्याची भाजणारी झळ, लू, चाललेली, खाली जरा गार. बारा दिवस आकडा मशिनीशी जुळला.

रोज एकच्या सुमाराला भाऊराव डबा घेऊन यायचे. कमलबाईंचे यजमान रेल्वेत कीमॅन होते. रोज सहा-सात किलोमीटर रुळांवरून चालायचं, नजर खाली, स्लीपरवरून स्लीपरवर पाऊल, कुठली चावी ढिली झाली ते पाहायचं. चौतीस वर्षं तसं चालल्यावर माणसाला वाकडं चालता येत नाही. भाऊराव बाजारातसुद्धा नाकासमोर चालायचे आणि येणाऱ्यावर धडकायचे. सबवेचा पहारेकरी जगदीश रोज ओरडायचा, "अरे चाचा, हॉर्न तो बजाइए!"

डबा हिरव्या कापडात बांधलेला असायचा, कापड जुन्या झेंडीचं, गाठ दुहेरी. तो कमलबाईंच्या मांडीवर ठेवून भाऊराव पट्टी ओलांडायचे, पलीकडे वाचनालयात पेपर वाचायला जायचे. कमलबाई नवऱ्यासाठीही अंगठा दाबायच्या. टक. नात्यागोत्याची सूट त्यांच्याकडे नव्हती.

२

तेराव्या दिवशी प्राचीने लॅपटॉप पुढ्यात धरला. सबवेचा नकाशा होता. जिथे लोक जास्त चालतात तिथे लाल, कमी चालतात तिथे निळं. आणि खुर्चीपासून पंधरा पावलांवर, ऐन मधल्या वाटेत, एक काळा गोल. माणूस हात पसरून उभा राहील एवढा.

"वहाँ क्या है आजी? पानी टपकता है?"

"कोरडं ठण्ण आहे."

"फिर सेन्सर वहाँ अंधा होगा."

कमलबाई छत्री घेऊन उठल्या. ती जागा त्यांनी फरशा मोजून काढली. आणि जवळ जाऊन ठेवण्याऐवजी लांबूनच छत्री जमिनीवरून ढकलली. असं का केलं, ते तेव्हा त्यांच्याही ध्यानात आलं नाही. छत्री घरंगळत गेली, थांबली. लॅपटॉपवर काळ्यात एक बारीक निळी काडी उमटली.

"मशीन आंधळं नाही तुझं," कमलबाई म्हणाल्या. "तिथे कुणी जातच नाही."

प्राचीने मागचे दिवस उघडले. पहिल्या दिवशी काळा गोल बाजाराकडच्या जिन्यापाशी होता. दुसऱ्या दिवशी तिथून चार पावलं आत. तिसऱ्या दिवशी आणखी चार. असा बारा दिवस, न चुकता, पिवळ्या पट्टीकडे.

"बग है कोई," प्राची म्हणाली आणि नखं खाऊ लागली. लहानपणी परीक्षेच्या आदल्या दिवशी खायची तशी. "आजी, मंगल से पहले ये नहीं गया ना, तो मशीन फेल. मैं भी फेल."

३

दुसऱ्या दिवशी गोल खुर्चीपासून अकरा पावलांवर आला, आणि कमलबाईंनी मोजता मोजता त्या जागेवर डोळा ठेवला.

फोनवर भांडत येणारा माणूस त्या जागेपाशी आला, किंचित डावीकडे झाला, पुढे जाऊन पुन्हा मधे आला. भांडण एका अक्षरानेही अडखळलं नाही. बुरख्यातल्या दोघी हात धरून येत होत्या. तिथे हात सुटले, एक इकडून गेली, एक तिकडून, पलीकडे हात पुन्हा धरले. चिकनकारीच्या कुर्त्यांचं गाठोडं डोक्यावर घेतलेला चौकातला हमाल वळला. कुत्रंसुद्धा वळलं. खाली कुणी पाहत नव्हतं. नदी खांबाला वळसा घालते तशी गर्दी वाहत होती, आणि खांब नव्हता.

कमलबाईंनी कारणं शोधली. फरशी उंचसखल? हात फिरवायला वाकल्या, तर हात शेजारच्या फरशीवर पडला. वास? नाही. वाऱ्याचा झोत? असेल. एक वळतो म्हणून मागचा वळतो, सवय, मेंढरं आहेत लोक. मग त्या उठल्या आणि ठरवून सरळ चालत गेल्या. पंधरा पावलं. वळून पाहिलं. ती जागा त्यांच्या उजव्या हाताला मागे राहिली होती.

पुन्हा गेल्या. आता डाव्या हाताला.

तिसऱ्यांदा पर्समधून खडू काढला. टपालाच्या पोत्यांवर खुणा करायची जुनी सवय, खडू कायम जवळ असायचा. दोन फरशांमधल्या फटीवरून रेघ ओढत निघाल्या, नजर रेघेवर रोवून. जिन्यापासून खुर्चीपर्यंत रेघ अगदी दोरीसारखी सरळ आली. प्राचीकडे पाहिलं. तिने लॅपटॉप फिरवला. रेघ सरळ होती. कमलबाईंच्या ठिपक्याची वाट मात्र काळ्या गोलाला अर्धा वळसा घालून आली होती. रेघ ओढणारा हात लांब पसरून त्या बाजूने चालल्या होत्या, आणि त्यांना पत्ता नव्हता.

जगदीश जवळ आला. "अम्मा, छोड़िए. कुछ ऊपरी मामला है. मैं तो सुबह झाडू भी बगल से मारता हूँ."

"जगदीश भैया, हमारे बाप ने छप्पन में नागपुर में देव-भूत सब एक ही दिन में छोड़ दिए. अब इस उमर में मैं वापस लाऊँ क्या?"

तो हसला. त्या नाही हसल्या. संतापाने त्यांचे कान तापले होते. अख्खी जिंदगी लोकांनी इथून जाऊ नका, तिथे शिवू नका म्हटलं होतं, आणि त्या प्रत्येक ठिकाणाहून मुद्दाम चालत गेल्या होत्या. आता त्यांचेच पाय त्यांना सांगणार, बाजूने जा?

सरळ चालणारा एकच माणूस त्यांना ठाऊक होता.

४

"अहो, उद्या जिन्यापासून खडूची रेघ आहे. तिच्यावरूनच यायचं."

"काहून?"

"मी सांगते म्हणून."

"मग येतो," भाऊराव म्हणाले. पंचेचाळीस वर्षांचा संसार याच दोन वाक्यांवर चालला होता.

रात्रीतून गोल आणखी सरकला होता. दुसऱ्या दिवशी एक वाजता भाऊराव जिना उतरले. हातात हिरवी पुरचुंडी, नजर खाली. रेघ सापडली तसे पाय आपोआप स्लीपरवर पडल्यासारखे ठरावीक अंतरावर पडू लागले. लोक त्यांच्यावर धडकत, चिडत, बाजूला होत. कमलबाई उभ्या होत्या, शेजारी प्राची, तिच्या हातात लॅपटॉप.

जागेपाशी गर्दी दोन्हीकडे फाकली. भाऊराव फाकले नाहीत. त्यांनी पाऊल आत टाकलं.

एक पाऊल टाकून ते थांबले. मान तिरपी केली. रुळाला हातोडी मारून कान देताना करायचे तशी. किती वेळ थांबले? कमलबाईंनी मोजलं, सात. मग ते पुढे आले, रेघेवरून, थेट.

"आबा कहाँ गए?" प्राची म्हणाली. ती स्क्रीनकडे पाहत होती.

"कुठे काय? ते बघ, येताहेत."

"नहीं आजी, यहाँ." तिने बोट ठेवलं. ठिपका काळ्याच्या कडेपर्यंत आला होता आणि संपला होता. पलीकडे काही उगवलं नव्हतं.

भाऊरावांनी डबा मांडीवर ठेवला. कमलबाईंनी त्यांचा हात धरला. बाहेर पंचेचाळीस डिग्री होतं आणि हात माठासारखा गार.

"काय ऐकत होता?"

"गाडी यायच्या आधी रूळ गुणगुणतो ना, तसं. खालून."

"मग?"

"मग काय. तसं ऐकू आलं की बाजूला व्हायचं असतं." ते जरा हसले. "पण तू रेघ सोडू नको म्हणाली होतीस."

५

दुसऱ्या दिवसापासून काळा गोल गेला. नकाशा एकसारखा लाल. प्राचीने आजीच्या गालाचा मुका घेतला, "बग गया आजी, बग गया!"

फक्त त्या दिवसापासून कमलबाईंचा आकडा मशिनीपेक्षा रोज एकाने जास्त येऊ लागला.

एकाने काय बिघडतं, प्राची म्हणाली. कागदावर तिने 'मानवी चूक' असं लिहिलं. दुसऱ्या कुणाचा शब्द असता तर कमलबाईंनी कागद फाडला असता. पण तो एक कोण, हे त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. एक वाजता त्या अंगठा दाबायच्या आणि स्क्रीनवरचा आकडा जागचा हलायचा नाही.

आणखी एक. भाऊरावांना आता कुणी धडकत नव्हतं. ते जिना उतरले की लोक आपसूक वळायचे. जगदीशने हॉर्नचा विनोद करणं सोडलं. कमलबाईंनी विचारलं, "क्यों, आज चाचा को छेड़ा नहीं?" तर तो म्हणाला, "आए थे क्या?" भाऊराव त्याच्यापासून हातभर अंतरावर होते.

भाऊरावांना आधी गंमत वाटली. "कमल, लोक आजकाल वाट देतात. लखनौची तहजीब परत आली म्हणायची." चार दिवसांनी म्हणाले, "ई-रिक्षा थांबत नाही. हात दाखवून दाखवून दमलो, चालत आलो." आणि एकदा, पेपर वाचून घरी परतल्यावर, चप्पल काढता काढता, "वाचनालयात माझ्या खुर्चीवर कुणी बसत नाही. पण दिवे बंद करून कुलूप लावत होता गं तिथला शिपाई. मी आत असताना."

कमलबाईंनी त्यांना पुन्हा सबवेत नेलं. ज्या वाटेने गेलात त्याच वाटेने उलटं या म्हणाल्या. एकदा, दोनदा, अकरा वेळा. भाऊराव चालले. फरशी फरशीसारखी होती. खडूची रेघ पायांनी पुसत चालली होती. ती मात्र आता सगळीकडे सारखी, त्या जागेवरही.

६

रविवारी प्राची घरी आली. अमीनाबादहून कुल्फी आणली होती. दोन.

"तिसरी?"

"किसके लिए?" प्राची म्हणाली, आणि लगेच जीभ चावली. "अरे यार! आबा! सॉरी आबा!" ती खोलीत इकडे तिकडे बघायला लागली. भाऊराव तिच्या समोरच्या खाटेवर बसले होते. कमलबाईंनी नातीची हनुवटी धरून तिचं तोंड तिकडे वळवलं, तेव्हा कुठे ती म्हणाली, "हाँ, हाँ, यहीं तो हैं." पण तिची नजर त्यांच्या खांद्यावरून मागच्या कॅलेंडरवर गेली होती.

"मी दिसतो ना तुला?" ती गेल्यावर भाऊरावांनी विचारलं.

"न दिसायला काय झालं? एवढा मोठा धोंडा घरात." कमलबाई म्हणाल्या. आवाज हवा तेवढा खणखणीत निघाला.

सोमवारी पहाटे जाग आली तेव्हा त्या खाटेच्या अगदी काठावर होत्या, एक पाय खाली लोंबत होता. उठून चहा ठेवला, गाळला, पिऊन झाला. कप विसळताना लक्षात आलं की आपण एकच कप विसळतोय.

त्यांनी पर्समधून खडू काढला आणि ओट्याच्या काळ्या दगडावर लिहिलं, 'दोन'. दारावर लिहिलं. उशीजवळच्या भिंतीवर लिहिलं. ज्या बाईचा गठ्ठा तीस वर्षांत एका पत्राने चुकला नाही तिला हे लिहून ठेवावं लागत होतं. भाऊराव दारात उभे राहून बघत होते. पुढे होऊन त्यांनी खडू कमलबाईंच्या हातातून घेतला आणि तिसऱ्या 'दोन'खाली एक रेघ ओढली, सरळ.

मंगळवारी सकाळी कमलबाई ओट्याशी आल्या, चहाचं आधण ठेवलं, आणि दगडावरचा आकडा पाहून त्यांना प्रश्न पडला. दोन काय? चमचे? चपात्या? आपलंच अक्षर. फडकं ओलं करून त्यांनी दगडावर टेकवलंसुद्धा.

मागे कुणीतरी खाकरलं.

फडकं ओट्यावर टाकून त्या वळल्या आणि नवऱ्याला दोन्ही हातांनी घट्ट धरून उभ्या राहिल्या. आयुष्यात असं त्यांनी कधी केलं नव्हतं. "आज डबा आणू नका," म्हणाल्या. "घरीच राहा."

"मग तू मोजणार कोणाला?" भाऊराव म्हणाले.

७

तो पहिल्या बड़े मंगलचा दिवस, मशिनीच्या परीक्षेचाही. सबवे दुथडी भरून वाहत होता. हातात पुरी-सब्जीचे द्रोण, सरबताचे ग्लास, लाल टिळे, जयजयकार. कंपनीचे दोन साहेब जिन्यावर उभे होते. कमलबाई खुर्चीवर ताठ बसल्या. टक. टक. टक. डोळे जिन्याकडे. साडेबारा झाले. पाऊण. हिरवं कापड शोधत राहायचं, त्या स्वतःला बजावत होत्या, माणूस नाही दिसला तरी कापड दिसेल. टक. टक. एका बाईचं पोर रडत होतं. कुणीतरी द्रोण सांडला. टक. टक. टक. अंगठा दुखायला लागला.

"आजी!" प्राची ओरडत आली, लॅपटॉप छातीशी धरून. "हो गया! डेढ़ बज गए! बताइए, आपका कितना?"

कमलबाईंनी काउंटर पाहिला. "चार हजार दोनशे सोळा."

"चार हज़ार दो सौ सोलह! सेम टू सेम! एक का भी फ़र्क नहीं!" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "आज आपसे एक भी ग़लती नहीं हुई."

साहेबांनी टाळ्या वाजवल्या. जगदीशने लांबून अंगठा दाखवला.

कमलबाईंना मांडीला ऊब लागली. खाली पाहिलं. मांडीवर हिरव्या कापडाची पुरचुंडी होती. दुहेरी गाठ. कापडाला हात लावला तर डबा आतून अजून चटका देत होता.

त्यांनी मान वर केली. समोर, दोन्ही बाजूंना, सगळीकडे माणसं. एकेक तोंड त्यांनी पाहिलं, टपालावरचा पत्ता वाचतात तसं, भरभर, एकही न सोडता. भाऊरावांचं नव्हतं.

"प्राची, मशीन दाखव."

"क्यों?"

"दाखव म्हणते ना."

स्क्रीनवर हजार ठिपके सरकत होते. शटरला टेकलेला एक ठिपका स्थिर होता, तो कमलबाईंचा. गर्दी त्याला वळसा घालून जात होती. बरोबर आहे, म्हातारी बाई खुर्ची टाकून बसलीय, लोक वळणारच. पण वळसा मोठा होता. एका खुर्चीला लागतो त्याहून बराच मोठा, आणि एका बाजूला फुगलेला, डाव्या बाजूला.

कमलबाईंनी डावीकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं आणि काही दिसलं नसतं, तर तेही मोजावं लागलं असतं. त्यांनी डावा हात खुर्चीच्या बाहेर नेला आणि तळवा वर करून तसाच धरून ठेवला. दुपारच्या त्या उकाड्यात तळव्यावर माठाचा गारवा उतरला.

उजव्या हाताचा अंगठा त्यांनी काउंटरवर ठेवला. जन्मात कधी न पाहता दाबला नव्हता.

टक.

"आजी! ये क्या किया? अब एक ज़्यादा हो गया!"

"बरोबर आहे," कमलबाई म्हणाल्या. "लिही."